गाण्याच्या कार्डावर केलेला हिशोब

आमच्या घरात मार ही रोजची गोष्ट होती. त्याबद्दल कुणी वेगळं बोलत नसे. मारणारा एकच होता, दादूस. दादूस म्हणजे माझ्या बाबांचा थोरला भाऊ. ठाण्याजवळच्या बाळकुममध्ये आम्ही कोळी लोक थोरल्या भावाला दादूस म्हणतो. बाबा म्हणायचे म्हणून आम्ही पोरं म्हणायचो, आणि पुढे पुढे सगळं गावच त्याला दादूस म्हणायला लागलं, त्याच्याहून वयानं मोठे असलेलेसुद्धा. तो जेवायला बसला की आई आधी माझ्या पानाजवळचा पितळी तांब्या उचलून मोरीपाशी नेऊन ठेवायची, कारण तो त्याच्या हाताला फेकायला बरा बसायचा. कालवणात मीठ कमी पडलं, जग्यानं म्हणजे त्याच्या मुलानं उलट उत्तर दिलं, मोठी आई म्हणजे त्याची बायको पदर सावरायला विसरली, काहीही पुरायचं. आधी त्याचा पाट सरकल्याचा आवाज यायचा आणि मग दुसरा आवाज. शेजारपाजारचे लोक तेवढ्यापुरता रेडिओ मोठा करत. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी यांचा वास आजही नाकात आला की माझी मान आपोआप खांद्यात जाते. डॉक्टरीणबाई त्याला स्पाँडिलायटिस म्हणतात, म्हणू देत.

घराबाहेरचा मार वेगळा होता, तो धंद्याचा भाग होता. खाडीकाठची दलदलीची खाजणं भरून बिल्डिंगी उठायला लागल्या तेव्हा गावातल्या ज्यांच्या अंगात धमक होती त्यांनी मटेरियल सप्लायचा धंदा धरला, त्यात दादूस पहिला. बिल्डर कुणीही असो, वाळू, विटा आणि खडी आमच्याकडूनच घ्यायची. दुसऱ्याचा ट्रक हद्दीत आला की त्याच्या काचा फुटायच्या, आणि ड्रायव्हर खाली उतरला तर ड्रायव्हरही. एकदा पलीकडच्या गावची माणसं तलवारी घेऊन आली होती. आम्ही बायका आणि पोरं दार लावून आत बसलेलो. बाहेर लोखंडावर लोखंड आपटत होतं आणि एक माणूस सारखा पाणी मागत होता. मग त्याचा आवाज थांबला. दादूस परत आला तेव्हा त्याचा सदरा छातीपासून खाली लाल होता आणि त्यातलं त्याचं स्वतःचं फार थोडं होतं. त्यानं हात धुतले आणि आईकडे सुकटीची चटणी आणि भाकरी मागितली. आईनं तो सदरा गार पाण्यात मीठ घालून भिजत ठेवला, कारण रक्ताला गरम पाणी चालत नाही. हे मला शाळेत जायला लागायच्या आधीपासून ठाऊक होतं.

अशा घरात माझे बाबा होते. खाडी मेली तशी त्यांची मासेमारी गेली. मग ते दादूसच्या साईटवर पाणी मारायचे, सिमेंटच्या गोणींवर राखण बसायचे आणि तो सांगेल ते करायचे. दादूस त्यांना सगळ्यांदेखत काश्या म्हणायचा आणि कधीमधी टपली मारायचा, चाळिशी उलटलेल्या माणसाला. बाबा हसायचे. मला त्या हसण्याचा इतका राग यायचा की मी ताटावरून उठून जायचे. मी स्वभावानं दादूसवर गेलेय असं सगळे म्हणत आणि ते खोटं नव्हतं. लहानपणी जग्यानं माझी वेणी ओढली तेव्हा मी त्याच्या कानाचा लचका तोडला होता, त्याची खूण त्याच्या लग्नाच्या फोटोतही दिसते.

आमचं जुनं घर आणि मासळी सुकवायचं अंगण होतं त्या जागेवर दादूसनं बिल्डिंग उठवली. कागद नाही, परवानगी नाही, इंजिनिअर नाही. एका मुकादमानं दुसरीकडचं बघून बांधली. तळमजल्यावर एका खोलीत आणि स्वयंपाकघरात आम्ही राहायचो. पहिला मजला दादूसचा, आणि वरचे दोन मजले त्यानं विकलेले. वर ठाण्याच्या कचेऱ्यांत काम करणारी साधी कुटुंबं होती, दारात रांगोळी काढणारी, आमच्याकडून शिव्यांचे आवाज आले की हळूच खिडक्या लावून घेणारी. त्यांच्या पोरांना मी गणित शिकवायचे.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. तो कसा केला हे सांगत बसले तर वेगळं प्रकरण होईल, आणि त्यातही बराचसा मारच असेल. नौपाड्यात साठे सर नावाचे स्ट्रक्चरल इंजिनिअर होते, त्यांच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर आकडे भरायचं काम करायचे. इमारतीचा सांगाडा कागदावर मांडायचा, प्रत्येक सांध्याला नंबर द्यायचा, कुठल्या बीमवरचं ओझं कुठल्या कॉलमवर किती जातं त्याची शेकडो समीकरणं मांडायची आणि मशीनला सोडवायला सांगायची. मशीन जुनं होतं, गणिताची वेगळी चिप त्यात नव्हती. मोठी इमारत असली की शनिवारी संध्याकाळी हिशोब लावून ऑफिस बंद करायचं आणि सोमवारी येऊन बघायचं. मध्ये वीज गेली तर सगळ्यावर पाणी. साठे सर अशा सोमवारी जिना चढतानाच विचारायचे, दिवे गेले होते का हो काल? त्यांनी मला कायम अहो-जाहो केलं. त्याआधी मला कुणीच अहो म्हटलेलं नव्हतं.

आणि दादूसच्या घरी कॉम्प्युटर आला तो जग्यामुळे. जग्या हळदीच्या कार्यक्रमात बेंजो वाजवायचा, आणि चांगला वाजवायचा. एका हळदीत भांडण झालं, हॉकी स्टिका निघाल्या आणि त्याच्या डाव्या हाताची बोटं अशी मोडली की पुन्हा नीट वळली नाहीत. ज्या पोरांनी मारलं त्यांचं दादूसनं काय केलं ते मी इथे लिहीत नाही. त्यातला एक अजून हयात आहे, आधाराशिवाय चालत नाही. पण पोराचं वाजवणं गेलं हे दादूसला लागलं होतं. कुणीतरी सांगितलं, आता गाणी कॉम्प्युटरवर बनतात, बोटं लागत नाहीत. दादूसनं मुंबईहून कॉम्प्युटर मागवला आणि दुकानदाराला सांगितलं, गाण्याचं जे सगळ्यात महाग असेल ते त्यात घाल. दुकानदारानं घातलं. ते एक लांबलचक साउंड कार्ड होतं, गाणी बनवणाऱ्या स्टुडिओंसाठीचं. त्याच्यावर स्वतःचा प्रोसेसर होता आणि त्याला स्वतःची आज्ञावली देता येत होती. सोबत इंग्रजीतलं जाडजूड पुस्तक आलं. ते वाचणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून जग्याची गाणी बनवायचं काम माझ्याकडे आलं. मी ऑफिसातून आले की वर जायचे, जग्या तोंडानं चाल सांगायचा आणि मी ती आत घालायचे. कान तोडला होता तरी आमचं जमायचं.

एकदा जग्याला आवाजात घुमारा हवा होता, डोंगरात हाक मारल्यासारखा. घुमारा कसा करायचा ते पुस्तकात शोधताना माझ्या लक्षात आलं की हे कार्ड आतून फार साधं काहीतरी करतंय. आवाजाचा आकडा घ्यायचा, त्याला दुसऱ्या एका आकड्यानं गुणायचं, आधीच्या बेरजेत मिळवायचं, आणि पुन्हा तेच. गुणाकार आणि बेरीज, एवढंच, पण इतक्या वेगानं की मूळ कॉम्प्युटरनं त्याच्या पासंगालाही पुरू नये. मी पुस्तक मिटलं. साठे सरांचं मशीन शनिवारपासून सोमवारपर्यंत जे करत बसायचं तेही दुसरं काही नव्हतं. गुणायचं आणि मिळवायचं. आवाजाच्या जागी कॉलमवरचा भार, बस.

हल्ली माझ्या नणंदेचा मुलगा डोंबिवलीच्या घरात ग्राफिक्स कार्डं जोडून हवामानाचे का कसले हिशोब करतो. परवा तो मला समजावून सांगत होता, मामी, चित्रं दाखवायचं कार्ड असतं ना, त्याच्याकडून आता आम्ही भलतंच काम करून घेतो. मी म्हटलं, असं का, आणि त्याला चहा दिला. त्याला काय सांगणार की तुझ्या जन्माआधी बाळकुममध्ये मेमरी कमी पडायची म्हणून मी अर्धे आकडे पडद्याच्या कार्डाच्या मेमरीत नेऊन ठेवायचे, आणि मग हिशोब चालू असताना पडद्यावर रंगीत ठिपक्यांची नुसती खिचडी दिसायची. मोठी आई ते बघून विचारायची, केबल गेली का गं?

मला ते जमवायला बरेच महिने लागले. कार्डाला मोठे आकडे पेलायचे नाहीत, म्हणून सगळं बारीक करून द्यावं लागायचं, आणि बारीक केलं की शेवटचे अंक गळायचे. मग उत्तरातली चूक मूळ कॉम्प्युटरकडून काढून घ्यायची, ती चूकच परत कार्डाला सोडवायला द्यायची, आणि असं चूक संपेपर्यंत. कार्डाचा आवाज बंद कसा करायचा ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. त्यामुळे हिशोब चालला की स्पीकरमधून खरखर यायची, पहिल्या फेरीत मोठी, दुसऱ्या फेरीत कमी, आणि चूक जशी आटत जाईल तसा आवाज बसत जायचा. स्पीकर गप्प झाला की उत्तर आलं. साठे सरांच्या जुन्या कामांवर मी ते पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. उत्तरं जुळत होती. सोमवारची उत्तरं मला दुपारच्या चहापर्यंत मिळत होती, आणि माझ्या आनंदाला सीमा नव्हती. घरात हे फक्त जग्याला माहीत होतं. तो म्हणायचा, तुझं बेसूर गाणं झालं का, की मग माझं लाव.

मग दादूसनं चौथा मजला काढला.

गच्चीवर कॉलम उभे राहिले, स्लॅब ओतायच्या प्लेटा लागल्या, सळयांची जाळी बांधून झाली. पाचव्याचंही बोलणं चाललं होतं, दोन्ही मजल्यांची गिऱ्हाइकं ठरली होती. त्याच सुमाराला आमच्या स्वयंपाकघरातल्या मधल्या कॉलमला बोटभर लांबीची एक चीर दिसायला लागली. आईनं तिच्यावर चुना फासला. आठवड्यात ती चुन्यातून वर आली आणि वितीएवढी झाली. मग मोरीचं दार लागेना. त्या कॉलमात सळया किती आणि कसल्या घातल्या ते बांधताना मी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि खाली खाडीचा चिखल आहे हे सांगायला इंजिनिअर लागत नव्हता. मी टेप घेऊन सगळे मजले मापून आले. वरच्या कुटुंबांना सांगितलं, रंग काढायचाय. शुक्रवारी ते आकडे मी साठे सरांना दिले. ते बघून त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, उद्या संध्याकाळी लावतो, सोमवारी कळेल. स्लॅब रविवारी भरायचा होता.

शनिवारी मी ऑफिसला गेले नाही, दुपारी जेवणं झाल्यावर वर गेले आणि तेच आकडे कार्डाला दिले. दादूस साईटवर होता. जग्या बाजूला पडला होता. खरखर सुरू झाली, पडद्यावर ठिपके आले. मोठी आई खाली कोळंबी सोलत होती. आवाज उतरत उतरत गेला आणि थांबला, आणि मी उत्तर वाचलं. मधला कॉलम आहे तेवढ्यावरच कसाबसा उभा होता. चौथ्या मजल्याचा ओला स्लॅब त्याच्यावर आला की तो फुटणार होता, आणि तो फुटला की त्याचं ओझं ज्या दोघांवर जाणार तेही फुटणार होते. मी पुन्हा लावून बघितलं. जग्या उठून बसला आणि म्हणाला, काय गं, तोंड असं का झालं? मी सांगितलं. तो म्हणाला, बापाला सांगू नको, आपण साठेला सांगायला लावू. जग्या शहाणा होता. पण जिन्यावर दादूसच्या चपला वाजल्या आणि मला धीर धरता आला नाही.

दादूसनं सगळं ऐकून घेतलं. एवढा वेळ त्यानं माझं कधीच ऐकलं नव्हतं, म्हणून मला वाटलं पटतंय. मग त्यानं विचारलं, हे तुला सांगितलं कुणी, साठेनं? मी म्हटलं, नाही, या मशीननं, या कार्डावर हिशोब केला. त्यानं कार्डाकडे बघितलं. पोराच्या मोडलेल्या बोटांसाठी आणलेली ती वस्तू होती.

"माझ्याच गान्याच्या मशीनवर माझीच बिल्डिंग पारतंस?"

पहिला फटका कानशिलात बसला आणि मी स्पीकरवर पडले. मग त्यानं स्पीकरची वायर उपसली आणि दुहेरी करून तिनंच मारलं, पाठीवर, हातांवर, तोंड झाकलं तर बोटांवर. मी त्याच्या मनगटाचा चावा घेतला, दात हाडाला लागेपर्यंत, तेव्हा त्यानं माझं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. जग्या मध्ये पडला, त्याला लाथ बसली. मोठी आई जिन्यावरच उभी राहिली. मग दादूसनं कॉम्प्युटर उचलला, वायरी तुटेपर्यंत ओढला, आणि गॅलरीतून खाली विटांच्या थप्पीवर टाकला. बाबा तिथे विटांवर पाणी मारत होते. त्यांनी वर पाहिलं. माझ्या तोंडावरचं रक्त त्यांना दिसलं असणार. त्यांनी पाइप खाली ठेवला, मोडलेल्या पेटीतून लोंबणारं ते कार्ड उचललं, दोन तुकडे जोडून पाहिले आणि पुन्हा ठेवले. वर मात्र आले नाहीत. आई आली. तिनं दादूसला काय काय म्हटलं ते छापण्यासारखं नाही, आणि त्यात जळो हा सगळ्यात सौम्य शब्द होता.

मी तशीच रिक्षा करून नौपाड्याला गेले. साठे सरांनी माझं तोंड बघितलं आणि खुर्चीवरून उठले. पाणी दिलं, आयोडीन लावलं, पण स्लॅब थांबवा असं काही लिहून दिलं नाही. म्हणाले, अहो, ते गाणी वाजवायचं कार्ड, त्याला किती अंक कळतात? मी चुका कशा काढल्या ते समजावून सांगितलं. त्यांना ते समजलं, हे मला दिसत होतं. तरी म्हणाले, उद्या कोर्टात उभं राहायची वेळ आली तर मी काय सांगू, हिशोब कशावर केला? शिवाय दादूसची माणसं एकदा त्यांच्या दारात येऊन गेली होती, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. त्यांचं मशीन कोपऱ्यात चालू होतं. सोमवार, ते म्हणाले, फक्त सोमवारपर्यंत थांबवा. त्यांना काय, थांबवा म्हणायला.

रात्री आईनं मला भरवलं, बोटांनी घास घेता येत नव्हता. बाबा समोर बसले होते, पानाला हात न लावता. त्यांनी पहिल्यांदा आणि शेवटचंच माझ्या कामाबद्दल विचारलं.

"रंजू, खरा सांग. गानी वाजवाचा कार्ड हाय तो. त्याचा चुकलंल का?"

"बाबा, त्याला गाणं कळत नाही. त्याला गुणाकार आणि बेरीज कळते. नाही चुकलं."

ते चिरेकडे बघत होते. मग म्हणाले, वर सकाळी माणसा किती असतील? मी म्हटलं, मिक्सर सुरू झाला की वीसेक तरी. ते जेवायला लागले. मला त्यांचा इतका राग आला होता की मी भिंतीकडे तोंड करून झोपले.

स्लॅबचा दिवस म्हणजे आमच्याकडे लग्नासारखा. सकाळीच बोकड आला, मिक्सरला हार घातला, मोठ्या आईनं पानसुपारी ठेवली, दादूस पांढऱ्या कपड्यांत. नारळ फोडायला सगळे खाली जमले. वर सळया तपासणारी दोन माणसं होती, त्यांना बाबांनी सांगितलं, खाली चहा घ्या, दादूसनं बोलावलंय. ती उतरली. मी तळमजल्याच्या दारात होते आणि मला वरून घणाचा आवाज आला. एक, मग लगेच दुसरा. बोकड कापणारा माणूस सुरी हातात घेऊन वर बघायला लागला. बाबा चौथ्या मजल्यावर प्लेटांखाली टेकू दिलेली एकेक बल्ली घणानं पाडत होते. प्लेटा कलंडल्या, जाळी वाकली, आणि मग एका कडेनं सगळं सेंट्रिंग खाली बसलं, लाकडं, पत्रे, सळया, धुळीचा एकच लोट. धुळीतूनही घण चालूच होता. खाली कुणालाच लागलं नाही. ते त्यांनी आधीच पाहून ठेवलं होतं.

दादूस आणि त्याची चार माणसं वर गेली. मी आणि आई मागे धावलो, आम्हाला जिन्यात अडवलं. आवाज सगळे ऐकू आले. फळ्यांनी मारलं, सळईनं मारलं. बाबा ओरडले नाहीत, दादूसच ओरडत होता, की शुभाच्या दिवशी, भावाच्या शुभाच्या दिवशी. मग तो म्हणाला, कोणत्या हातानं? आणि मग घणाचा एक फटका, पण लाकडावरचा नाही. आई त्या जिन्यातच खाली बसली. बाबांना चादरीत घालून खाली आणलं तेव्हा त्यांचा उजवा हात मनगटापासून पुढे ओळखू येत नव्हता. हॉस्पिटलात सांगितलं, सेंट्रिंग अंगावर पडलं. पोलिसांनीही तेच लिहिलं. हात कोपराच्या खाली काढावा लागला.

सोमवारी संध्याकाळी साठे सर हॉस्पिटलात आले. त्यांच्या हातातल्या पिशवीत मोसंबी होती आणि दुसऱ्या हातात गुंडाळलेला कागद. त्यांनी काही बोलायच्या आधीच मी त्यांच्या डोळ्यांत उत्तर वाचलं. नेमका त्याच वेळी दादूस आला, पांढऱ्या कपड्यांतच, दुसऱ्या. भावाला बघायला आला नसता तर गावात बोललं गेलं असतं. साठे सर त्याला घाबरत होते, हे मला माहीत आहे. तरी ते उठले आणि त्याच्यासमोर कागद पसरून त्यांनी सगळं सांगितलं, स्लॅब भरला असता तर कॉलम फुटला असता, तीन मजले खाली बसले असते. बाबा डोळे मिटून पडले होते. दादूसनं कागद हातात घेतला नाही. त्यानं एकच विचारलं.

"गान्याच्या मशीननं सांगलेला, तोच कालम?"

"तोच," साठे सर म्हणाले. "यांच्या स्वयंपाकघरातला."

दादूसनं बाबांच्या बँडेजकडे बघितलं. मला वाटलं, आता हा खाली बसेल, पाय धरेल, निदान रडेल. मी तेव्हा एकोणीस-वीस वर्षांची होते आणि माणसाला पटलं की माणूस तसं म्हणतो असं मला वाटायचं. तो आईकडे वळला आणि म्हणाला, महिन्याभरात खोली खाली करा. आणि गेला.

आम्ही टिटवाळ्याला गेलो, भाड्याच्या खोलीत. बाबा डाव्या हातानं जेवायला शिकले, नंतर डाव्या हातानं जाळी विणायला शिकले, ओळखीच्या कोळ्यांना देण्यापुरती. कुणी हाताचं विचारलं तर साईटवर गेला म्हणायचे. बाळकुमहून मासळी घेऊन येणारी एक बाई आईला बातम्या द्यायची. तिनंच सांगितलं की सेंट्रिंगचं लाकूड दादूसनं विकून टाकलं, गिऱ्हाइकांचे पैसे परत केले, आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या त्या कॉलमला दोन्ही बाजूंनी लोखंडी गर्डर लावून घेतले, दार बंद करून, स्वतः उभं राहून. चौथ्या मजल्याचा स्लॅब त्यानं शेवटपर्यंत भरला नाही. त्याला पटलं होतं. पटलं होतं म्हणूनच आम्ही त्याच्या डोळ्यांसमोर नको होतो. मी त्याला माफ केलेलं नाही. तो मेला तेव्हा जग्याचा फोन आला होता, आम्ही कुणी गेलो नाही, आणि बाबांनीही जाऊ या असं म्हटलं नाही.

बाबा गेल्यानंतरची गोष्ट. नौपाड्यात औषधाच्या दुकानात एक बाई मला निरखून बघत होत्या. मग म्हणाल्या, तुम्ही बाळकुमच्या ना, तळमजल्यावरच्या? त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, त्यांच्या मुलाला मी त्रैराशिक शिकवलेलं. अजून तिथेच राहतात. मुलाचं लग्न त्याच घरात झालं, आता नात आहे, ती दिवसभर त्याच जिन्यावर खेळत असते. बिल्डिंग भक्कम आहे हो, म्हणाल्या, इतकी वर्षं झाली, पण काही नाही. मग आवाज थोडा खाली आणून त्यांनी विचारलं, "ते तुमचेच वडील ना, डोक्यावर परिणाम झालेले? भावाच्या स्लॅबच्या दिवशी सगळं पाडून टाकलं ते?"

मी माझी औषधं पिशवीत भरली.

"हो," मी म्हटलं, "तेच."